पंडिता रमाबाई : मोडलेल्या जीवांची शुश्रूषा

आपल्या चोपड्याचा प्रवासी जळगांवास गाडींत बसून मनमाड-दौंड मार्गानें पुण्याकडे जाऊं लागला, म्हणजे दौंड मागें पडल्यावर थोड्याच वेळानें केडगांव नांवाचें एक स्थानक लागतें. पुष्कळ गाड्या तेथें न थांबतां पुढें जातात, आणि डब्यांत अवघडून बसलेली मंडळी त्या सुमारास सामानाच्या आवराआवरींत गुंतलेली असते. त्यामुळें त्या नांवाच्या पाटीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. विद्यार्थिमित्रहो, पुढच्या खेपेस आपणांपैकीं कोणी त्या वाटेनें गेल्यास त्यानें क्षणभर खिडकीबाहेर पाहावें. १८९७ सालीं या गांवच्या माळावर दुष्काळांतून उचलून आणलेल्या शेंकडों मुली येऊन राहिल्या. त्यांच्या अंगावर मांस नव्हतें, नेसूं धड वस्त्र नव्हतें, आणि कोणावर विश्वास ठेवावा असें मनांत कांहीं उरलें नव्हतें. त्यांना आणणारी बाई स्वतः ऐन सोळा-सतरा वर्षांच्या वयांत अशाच अवस्थेंतून निभावलेली होती. तिचें नांव पंडिता रमाबाई.

रमाबाईंची विद्वत्ता, त्यांचे परदेशचे प्रवास, त्यांचें धर्मांतर व त्यावरून उठलेलीं वादळें यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस येथें त्यांच्या चरित्राची दुसरीच बाजू पाहावयाची आहे. ताप आला तर नाडी पाहतां येते, हाड मोडलें तर तें बांधतां येतें. पण माणसाचें मन मोडलें म्हणजे काय करावें, हें आपल्याकडे फारसें कोणी कोणास विचारीत नाहीं. घरांतील एखादें मूल एकाएकीं अबोल झालें, रात्रीं दचकून उठूं लागलें, कीं आपण त्याला बाहेरची बाधा झाली म्हणतों, भगताकडे नेतों, किंवा हट्टी ठरवून दोन फटके देतों. आज मोठ्या रुग्णालयांतून मानसोपचाराचे विभाग आहेत, कित्येक शाळांतून समुपदेशक नेमलेले असतात. रमाबाईंच्या काळीं यांतलें कांहींच हातीं नव्हतें. तरीहि खचलेल्या जीवाला पुन्हां उभें करून त्याच्याकडून नवा आरंभ करविण्याचें काम त्यांनीं हजारांवर मुली व स्त्रिया यांच्या बाबतींत केलें. तें काम त्या कोणत्या शाळेंत शिकल्या, हें पाहूं गेल्यास त्यांच्या स्वतःच्या दुःखाकडेच वळावें लागतें.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं सह्याद्रीच्या अरण्यांत गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित होते. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये असा त्या काळीं कडक दंडक असतां त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला तें शिकविलें, त्याबद्दल उडुपीच्या पंडितसभेपुढें जाब दिला, आणि लोकांचा जाच नको म्हणून रानांत घर बांधून तेथें विद्यार्थी पढविले. अतिथींच्या आदरसत्कारांत व विद्यार्थ्यांच्या पोषणांत होतें नव्हतें तें सरलें. रमा कांहीं महिन्यांची असतांनाच तिला वेताच्या पेटाऱ्यांत घालून तें कुटुंब तीर्थयात्रेस बाहेर पडलें, तें कायमचेंच. देवळांत पुराण सांगावें, श्रोते देतील त्यावर निर्वाह करावा, आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. शाळेचें तोंड रमेनें पाहिलें नाहीं. भल्या पहाटे आई तिला जवळ घेऊन तिच्याकडून श्लोक म्हणवून घेई. तेवढ्या शिदोरीवर हजारों श्लोक तिला मुखोद्गत झाले.

१८७० नंतरच्या दशकांत मद्रास इलाख्यावर दुष्काळ कोसळला, तेव्हां हीं माणसें तिकडेच भटकत होतीं. मोलमजुरी करावी तर ती कोणास येत नव्हती, भीक मागावी तर पांडित्याचा अभिमान आड येई. जवळचें किडुकमिडुक विकून झालें, भांडींकुंडीं गेलीं, आणि शेवटीं रानच्या पाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. प्रथम वडील गेले. पाठोपाठ आईनें अंथरूण धरलें. तिला भुकेनें ग्लानि आलेली पाहून रमा शेजारच्या एका घरीं भाकरीचा तुकडा मागावयास गेली. पण दारांत उभी राहिल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटेना, डोळ्यांतून पाणी मात्र वाहूं लागलें. त्या घरच्या बाईनें बाजरीची भाकरी दिली. ती घेऊन रमा धांवत परत आली, परंतु आईला घास गिळण्याचीहि शक्ति राहिली नव्हती. आईच्या प्रेताला खांदा देण्यास दोनच ब्राह्मण पुढें आले. तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमा. ती ठेंगणी असल्यामुळें तिचा खांदा पोंचेना. तेव्हां तिनें तो भार डोक्यावर घेतला व सुमारें ३ मैलांवरील स्मशान गांठलें. मागून थोरली बहीणहि गेली. वाचकांनीं ही भाकरीची हकीकत ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

उरलेलीं दोघें भावंडें हजारों मैल पायीं फिरलीं. झेलम नदीच्या कांठीं एका थंडीच्या रात्रीं पांघरावयास कांहीं नव्हतें, म्हणून त्यांनीं वाळूंत दोन खड्डे खणले, त्यांत उतरून गळ्यापर्यंत अंगावर वाळू ओढून घेतली, आणि रात्र काढली. लहानपणापासूनची श्रद्धाहि या वणवणींत झिजत गेली. १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोंचलीं, तेव्हां एकदम दिवस पालटले. तेथील पंडितांनीं या तरुण मुलीची परीक्षा घेतली, आणि तिला पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. पण सुख फार दिवस टिकलें नाहीं. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी नांवाच्या बंगाली वकिलाशीं रमाबाईंनीं जातीबाहेर विवाह केला; १८८१ च्या एप्रिलांत मनोरमा जन्मली; आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पति पटकीनें गेले. वयाचीं २४ वर्षेंहि पुरीं नाहींत, कडेवर १० महिन्यांची मुलगी, आणि हक्कानें जावें असें घर या एवढ्या देशांत कोठेंहि नाहीं.

अशा प्रसंगीं मनुष्य काय करतो? कोणी बसून राहतो, कोणी दैवाला बोल लावतो, आणि त्यांस नांव ठेवण्याचा आपणांस अधिकार नाहीं. रमाबाई मुलीला घेऊन पुण्यास आल्या. तेथें न्यायमूर्ति रानडे प्रभृति सुधारकांच्या पाठिंब्यानें त्यांनीं आर्य महिला समाज काढला, आणि सरकारनें नेमलेल्या हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना बायकांस शिकविण्यास स्त्री-शिक्षिका व औषध देण्यास स्त्री-डॉक्टर हव्यात, असें स्पष्ट मांडलें. आपण स्वतः डॉक्टर व्हावें असें त्यांच्या मनानें घेतलें. स्त्रीधर्मनीति नांवाचें पुस्तक लिहून, त्याच्या विक्रीचा पैसा प्रवासास लावून, १८८३ सालीं त्या मुलीसह विलायतेस गेल्या.

यापुढील भाग चरित्रकार बहुधा भरभर उरकतात. आमच्या मतें तोच थांबून वाचण्यासारखा आहे.

रमाबाईंबरोबर आनंदीबाई भगत नांवाची एक सोबतीण गेली होती. परका देश, परकी भाषा, आणि येथें आपला धर्म बळेंच बदलतील ही अहोरात्र जाळणारी भीति, यांनीं त्या बिचारीच्या मनाचा तोल गेला व तेथेंच तिचा करुण अंत झाला. हा आघात रमाबाईंना सोसवेना. ज्या बाईनें आईचें प्रेत डोक्यावरून नेलें होतें, वाळूच्या खड्ड्यांत रात्र काढली होती, ती आतां रात्रीं एकटी निजूं शकेना. ऑक्सफर्ड येथें प्रोफेसर मॅक्समुल्लर यांच्या घरीं त्या कांहीं दिवस राहिल्या, तेव्हां त्यांच्या खोलींत रात्रीं एक मोलकरीण सोबतीस निजवावी लागे. त्यांतच त्यांची श्रवणशक्तीहि मंदावत गेली. डॉक्टर होण्याचा संकल्प त्यामुळें सोडून द्यावा लागला.

पालकांनीं या प्रसंगाचा शांतपणें विचार करावा. धैर्याचा डोंगर म्हणावा असें माणूस एका आघातानें अंधाराला भिऊं लागतें. त्यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं. आणि त्या वेळीं रमाबाईंना कोणी उपदेश करून बरें केलें नाहीं. रात्रीं खोलींत दुसऱ्या एका माणसाचा श्वास ऐकूं येत होता, सकाळीं अभ्यास होता, भोवतीं त्यांना न हिणवणारीं माणसें होतीं, आणि दिवस जात होते. डॉक्टरी विद्या हुकली खरी, पण शुश्रूषेचा पहिला धडा त्यांना रोगी म्हणून मिळाला.

दुसरा धडा लंडनांत मिळाला. वाँटेज येथील ज्या भगिनींच्या मठांत रमाबाई राहत, त्यांचें लंडनच्या फुलहॅम भागांत एक आश्रयगृह होतें. समाजानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांस तेथें ठेवून घेत. अशा बायकांच्या वाऱ्यासहि कोणी उभें राहूं नये, ही आपल्याकडची रीत रमाबाईंस ठाऊक होती. येथें त्यांना असें दिसलें कीं, त्या बायकांची कोणी निर्भर्त्सना करीत नाहीं. त्यांना काम शिकवितात, जेवूंखाऊं घालतात, आणि त्यांतील कित्येक सुधारून दुसऱ्यांच्या सेवेस लागतात. हें कोणत्या बळावर होतें असें त्यांनीं विचारलें, तेव्हां एका भगिनीनें त्यांना ख्रिस्तचरित्रांतील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. १८८३ च्या सप्टेंबरांत रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. या पाऊलाबद्दल कोणास काय वाटावें तें वाटो. फुलहॅमचें तें घर त्या जन्मभर विसरल्या नाहींत, एवढें आपल्या विषयापुरतें पुरे.

चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत संस्कृत शिकवीत व स्वतः शिकत दोन वर्षें काढल्यावर १८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. निमित्त आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचें होतें. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियास आनंदीबाई डॉक्टर झाल्या, आणि त्या समारंभास रमाबाई हजर होत्या. जें आपल्याला साधलें नाहीं तें दुसरीला साधलेलें पाहण्यास त्या समुद्र ओलांडून गेल्या, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या पदव्यांहून मोठी वाटते. तेथें त्यांनीं फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. हातानें वस्तु हाताळीत, रचीत, खेळत मूल शिकतें, हें त्या पद्धतीचें सार होय. १८८७ सालीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजींत पुस्तक लिहिलें, आणि बॉस्टनच्या लोकांनीं मंडळ स्थापून १० वर्षें साह्य देण्याचें मान्य केलें.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, बालपणींच विधवा झालेली कोंकणांतली मुलगी. याच गोदूबाईंनीं पुढें १८९३ सालीं प्रोफेसर धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह केला, आणि त्या आनंदीबाई कर्वे या नांवानें महाराष्ट्रास ठाऊक झाल्या. ज्या मुलीस घरच्या मंगलकार्यांत पुढें येण्याची बंदी, तिच्या हातीं पाटी-पेन्सिल देऊन तुझें आयुष्य अजून व्हावयाचें आहे असें सांगणारें हें घर होतें. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आलें. तेथें मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून १८९३ सालीं मोठें काहूर उठलें. रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनीं अंग काढून घेतलें, आणि पुष्कळ पालकांनीं मुली परत नेल्या. दोष सर्वस्वीं एका बाजूचा होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. ज्या मुलीस दुसरा आसरा नाहीं, तिच्या निवडीला कितपत मोकळीक असते, हा प्रश्न त्या वेळीं विचारला गेला व तो फोल नव्हता. परंतु काहूर उठविणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांनीं त्या मुलींसाठीं दुसरें दार उघडून ठेवलें, हेंहि खरें.

शारदासदनास कांहीं कायमचें उत्पन्न असावें म्हणून रमाबाईंनीं पुण्याहून सुमारें ३५ मैलांवर केडगांव येथें जमीन विकत घेऊन विहिरी खणल्या होत्या व फळझाडें लावलीं होतीं. १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडल्याचें वर्तमान आलें, तेव्हां मद्रास इलाख्यांतले आपले दिवस त्यांच्या डोळ्यांपुढें उभे राहिले. त्या तडक तिकडे गेल्या. सरकारी गरीबखाने व मदतीचीं कामें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलीं. तेथें अन्नापेक्षांहि मुलींच्या अब्रूचा दुष्काळ मोठा होता. एकट्यादुकट्या पोरींना हेरणारीं दुष्ट माणसें भोंवतीं घिरट्या घालीत. रमाबाईंनीं सुमारें ३०० मुली आणण्याचें ठरविलें. पुण्यांत प्लेगाची सांथ चालू असल्यामुळें इतकी वस्ती शहरांत ठेवण्यास परवानगी मिळेना, तेव्हां मुली केडगांवच्या शेतावर गेल्या. राहावयास इमारत नव्हती. झोंपड्या व छपरें उभारलीं. मुक्तिसदन म्हणतात त्याचा प्रारंभ असा झाला. १८९८ च्या सप्टेंबरांत त्याची रीतसर स्थापना झाली.

या मुली कृतज्ञतेनें हात जोडीत आल्या असें कोणीं समजूं नये. त्यांच्या कानांवर अशी भुमका घातली गेली होती कीं, ही बाई तुम्हांस नेऊन उलट्या टांगील आणि तुमच्या अंगाचें तेल काढील. ज्या पोरीला आईबापांनीं पसाभर धान्यासाठीं टाकलें, ज्या पोरीनें भावंडांस वाटेवर मरतांना पाहिलें, तिला हें खरें वाटल्यास नवल तें काय? उपासमार केवळ पोट जाळीत नाहीं. दीर्घकाळ भुकेलें राहिलेलें मूल वाढलेलें पान समोर असतांहि दुसऱ्याच्या पानाकडे पाहतें. पोट भरलें तरी भाकरी लपवून ठेवतें. खोटें बोलतें, भांडतें, ओरबाडतें, किंवा भिंतीकडे तोंड करून बसतें. बाहेरच्या माणसाला तीं कुलक्षणें वाटतात. ज्या बाईच्या तोंडून एके काळीं भाकरी हा शब्दहि फुटला नव्हता, तिला तीं आजाराचीं लक्षणें वाटलीं. आमच्या समजुतीप्रमाणें केडगांवच्या साऱ्या कामाचें मर्म या एका फरकांत आहे.

उपचाराचा क्रम अगदीं साधा होता. उपाशी शरीराला एकदम पोटभर अन्न दिल्यास तें प्राणावर बेततें, म्हणून थोडथोडें व पुन्हां पुन्हां द्यावें लागतें. तें मनालाहि लागू आहे. शारदासदनांत शिकून तयार झालेल्या मोठ्या मुली पुढें आल्या व त्यांनीं या नव्या मुलींचा भार वांटून घेतला. एकेकीकडे कांहीं मुली सोंपविल्या. त्यांना न्हाऊंमाखूं घालणें, खरजेवर औषध लावणें, कपडा नेसविणें, रात्रीं जवळ निजणें, हें तिचें काम. ऑक्सफर्डच्या त्या खोलींत रमाबाईंसाठीं जें झालें होतें, तेंच येथें शेंकडोंच्या वांट्यास आलें. मग दिवसाची बांधणी आली. ठराविक वेळीं उठणें, प्रार्थना, जेवण, शाळा, काम, झोंप. ज्या मुलीचें सारें जग एका हंगामांत कोसळलें, तिला उद्यां सकाळीं याच वेळीं याच ठिकाणीं भाकरी मिळेल, हें पुरतें पटण्यासच कित्येक महिने लागत. एकदां तें पटलें म्हणजे लपवालपवी आपोआप सुटे.

कामाला रमाबाई फार मोठें स्थान देत. शेती, गाईगुरें, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, धुलाई, स्वयंपाक, छापखाना, असे नाना उद्योग हळूहळू तेथें उभे राहिले, आणि ते चालविणाऱ्या बायकाच होत्या. आजचे तज्ज्ञ ज्याला कार्योपचार म्हणतात, त्याचें नांवहि त्या वेळीं तेथें कोणास ठाऊक नसेल. पण आपल्या हातून पेरलेलें उगवतें, आपण विणलेली पट्टी कोणी तरी अंगाला लावतें, हा अनुभव खचलेल्या माणसाला जें देतो तें हजार शब्दांनीं देतां येत नाहीं. ज्या मुलींची बुद्धि अक्षरांत चालत नसे त्यांच्यासाठीं बालोद्यानांतल्यासारखें हातांनीं शिकविणें होतेंच. आणि ज्यांची चाले, त्या शिक्षिका होत.

सर्व मुली वांचल्या नाहींत. कित्येक इतक्या पलीकडे गेल्या होत्या कीं, अन्न व औषध मिळूनहि त्या दगावल्या. कांहींना तेथें करमलें नाहीं, त्या निघून गेल्या. रमाबाईंनीं याचा गवगवा केला नाहीं, आणि तें लपविलेंहि नाहीं.

इतक्यांत १८९९-१९०० चा महादुष्काळ आला. गुजराथ व राजपुताना होरपळून निघाला. आपला खानदेशहि त्यांतून सुटला नाहीं. तापीच्या दोन्ही तीरांवरील गांवांची आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांची त्या वर्षीं जी दशा झाली, तिच्या गोष्टी आमच्या आज्या-पणज्या सांगत असत, आणि ज्यांच्या घरांत अजून अशी आठवण शिल्लक आहे त्यांनीं ती मुलांस अवश्य सांगावी. केडगांवाहून पुन्हां माणसें बाहेर पडलीं आणि पुन्हां मुलींचे जथे आले. मुक्तिसदनांतील वस्ती लवकरच २००० च्या घरांत गेली. पण १८९७ सालीं रमाबाईंजवळ जें नव्हतें, तें आतां होतें. नव्यांना पोटाशीं धरावयास आतां केडगांवांतच वाढलेल्या मुली तयार होत्या. अंगावरच्या चिंध्या सोडावयास न धजणाऱ्या पोरीला, मी पण अशीच आलें होतें, असें सांगणारी मोठी बहीण मिळाली, तर तिला आणखी कोणता वैद्य पाहिजे?

ज्या स्त्रियांवर अत्याचार झाले होते, अथवा ज्या वाममार्गांत ओढल्या गेल्या होत्या, त्यांच्यासाठीं कृपासदन निराळें काढलें. फुलहॅमच्या घराची ती केडगांवची आवृत्ति म्हणावी. अंध मुलींना ब्रेल लिपि शिकविण्याची सोय झाली. अनाथ मुलगे, वृद्ध बायका, अपंग, ज्यांना कोठेंहि थारा नाहीं अशा सर्वांस तेथें कांहीं तरी जागा व कांहीं तरी काम होतें. अंध मुली बोटांनीं वाचीत, विणीत, आणि पुढें दुसऱ्यांना शिकवीत.

रमाबाईंची शिस्त कडक होती. इतक्या मोठ्या वस्तींत एकीच्या मर्जीनें सारें चालावें याचे कांहीं तोटे असतातच, आणि मोकळेपणाची ज्यांना आवड अशा मुलींस तो दिनक्रम जाचलाहि असेल. शिवाय आज अशा मुलींसाठीं काम करणारा मनुष्य तिची हकीकत एकट्यानें, शांतपणें, तिच्या कलानें ऐकून घेईल. धर्म हा उपचाराचा भाग करावयाचा कीं नाहीं हें तिच्यावर सोंपवील. त्या काळाच्या मानानें पाहिलें तरी केडगांवची पद्धत निर्दोष होती असें आम्हीं म्हणणार नाहीं. पण ज्या वर्षीं गरीबखान्यांत पोरी टोपलींतल्या पाचोळ्यासारख्या मोजल्या जात होत्या, त्या वर्षीं एका बाईनें त्यांतील प्रत्येकीला नांव विचारलें, अंथरूण दिलें, आणि काम शिकविलें.

मुलगी मनोरमा ही आईचा उजवा हात झाली होती. परदेशीं शिक्षण घेऊन ती परतली व शाळेचा भार तिनें उचलला. रमाबाई स्वतः उत्तरवयांत एका प्रचंड कामांत गढून गेल्या. गांवखेड्यांतल्या अडाणी बायकांनाहि कळेल अशा सोप्या मराठींत संपूर्ण पवित्र शास्त्र उतरवावें, म्हणून त्यांनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासल्या आणि वर्षानुवर्षें तें भाषांतर चालविलें. लहानपणीं आईजवळ पहाटे श्लोक घोकणारी ती मुलगी साठीकडे झुकली असतांहि पहाटे दिवा लावून व्याकरण घोकीत होती. १९१९ सालीं सरकारनें त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिलें. तोंवर कान जवळजवळ गेले होते.

१९२१ च्या जुलैंत मनोरमा गेली. सिल्चरहून कडेवर घेऊन निघालेलें, विलायतेस व अमेरिकेस बरोबर हिंडलेलें एकुलतें एक मूल आईच्या आधीं गेलें. या वेळीं रमाबाईंच्या खोलींत सोबतीला कोणास निजावें लागलें नाहीं. भोंवतीं सारें केडगांव होतें. त्यांनीं भाषांतराचें काम पुढें चालू ठेवलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या. त्यांची संस्था केडगांवास अजून चालू आहे. १९८९ सालीं भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीटहि काढलें.

भाषांतराचें पुस्तक १९२४ सालीं केडगांवच्याच छापखान्यांतून निघालें. खिळे जुळविणारे, कागद लावणारे आणि पानें शिवणारे हात बायकांचे होते, आणि त्यांत दुष्काळांतून आलेल्या मुलीहि होत्या.